नदीकडची खिडकी

पिराजीच्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असतो आणि चालताना तो उगीच वाजवायची त्याला खोड आहे. घाटसांगवीत कुणी चेष्टेनं म्हणतं, "आले बघा दुकानदार." पिराजी हसून पुढं जातो. वय एकाहत्तर. त्यातली पहिली एकोणीस वर्षं ज्या दुकानाच्या पायरीवर त्याला पाय ठेवता आला नाही, त्याच दुकानाच्या किल्ल्या आता त्याच्या कंबरेला आहेत. ही गंमत गावाच्या लक्षात राहिलेली नाही. त्याच्या मात्र रोज सकाळी कुलूप काढताना लक्षात येते.

घाटसांगवी देवणीच्या पुढं, अगदी मांजरा नदीच्या काठावर. पलीकडं कर्नाटक. पूल झाला नव्हता तेव्हा इथं नाव चालायची आणि पैलतीराची माणसं उतरली की पहिल्यांदा चढायची ती शंकरप्पांच्या दुकानाची पायरी. मीठ, मिरची, गूळ, कंदिलाच्या काचा, सुताच्या लडी, बैलांच्या घंटा, तापावरच्या पुड्या, काय म्हणाल ते तिथं मिळायचं. पूल झाला, नाव बंद पडली, रस्ता गावाच्या वरच्या अंगाला गेला आणि दुकानही वरच्या अंगाला गेलं. नदीकाठचं जुनं दुकान तीसेक वर्षं कुलूप लावून बसलं. शंकरप्पांचा नातू महादेवप्पा मनाचा भला माणूस. त्यानं ते विकलं नाही, पाडलं नाही. उदगीरला कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम एकदा आल्या, दार उघडून आत गेल्या आणि दोन तास बाहेरच आल्या नाहीत. त्यातून हे गावाचं संग्रहालय झालं.

गाव त्याला अजून दुकानच म्हणतं. आत सगळं जागच्या जागी आहे. छताच्या कडीला दोरानं टांगलेली मोठी तागडी, पितळी मापं, गोळ्यांच्या बरण्या, उर्दू अक्षरांची टिनाची पाटी, शंकरप्पांची गादी आणि गादीच्या वर शंकरप्पांचा फोटो. पिराजी राखणदार, झाडूवाला, माहिती सांगणारा असं तिन्ही. शाळेची सहल आली की तो ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळून दाखवतो. त्याचा बाप दोर वळायचा. गावातल्या प्रत्येक बैलाचा कासरा, विहिरीचा सोल, नावेला ओढायचं जाड चऱ्हाट, सगळं मातंग वस्तीतून यायचं. ती तागडी ज्या दोरावर टांगली आहे तो दोरही त्याच्या बापाच्या हातचा. अजून पीळ सुटलेला नाही, हे पिराजी प्रत्येकाला सांगतो आणि सांगताना छाती थोडी पुढं काढतो.

पण लोकांना दोरापेक्षा आवडते ती खिडकी.

मागच्या भिंतीत, नदीच्या बाजूला, वीतभर उंच आणि दोन वीत रुंद अशी एक खिडकी आहे. आतून पाहिलं तर गादीच्या बरोबरीनं, जमिनीलगत. जोतं उंच असल्यामुळं बाहेरून ती उभ्या माणसाच्या छातीशी येते. पिराजी पाहुण्यांना बाहेर नेतो, नदीकडं हात करतो आणि सांगतो, "पूर आला की पानी हितवर यायचं. मंग नाववाले नाव भितीला लावायचे आन् नावेतूनच सामान घ्यायचे. ह्या खिडकीतून द्यायचे शंकरप्पा." पाहुणे वा वा करतात, फोटो काढतात. संग्रहालयाच्या पत्रकावर कुणीतरी या खिडकीचं चित्रही काढलंय. खाली नाव, नावेत फेटेवाला माणूस, वर खिडकीतून येणारा हात.

ही गोष्ट साफ खोटी आहे. आणि ती रचली पिराजीनंच.

झालं असं. संग्रहालय उघडण्याच्या आधीची साफसफाई चालली होती. पिराजीला महादेवप्पानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दुपारी महादेवप्पानं स्वतः प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, दुकानाच्या ओट्यावर आपल्या शेजारी ठेवली आणि म्हणाला, "बस, पिराजी." घरून चहा आला. घरातल्या कपबश्या, दोघांना सारख्या. पिराजीनं कप हातात घेतला. त्या ओट्यावर, त्या घराच्या कपातून पहिला घोट घ्यायचा, तेवढ्यात वर्षाराणी मॅडम केसांतली जळमटं झटकत बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "मागच्या भिंतीला ती खिडकी कशासाठी हो? एवढीशी, आणि नदीकडं?"

महादेवप्पा नदीकडं बघायला लागला. त्याचा चेहरा असा काही उतरला की पिराजीला त्याच्याकडं बघवेना. माणसानं आत्ता कुठं शेजारी बसवलंय, हातात कप दिलाय आणि त्याच चहावर त्याच्या आज्याचं उणं काढायचं? ज्या घरचा घोट घ्यायचा त्या घराची लाज राखायची, हे पिराजीच्या हाडात मुरलेलं. कुणी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजही पडली नव्हती. तो म्हणाला, "नाववाल्यांसाठी जी. पुरात."

महादेवप्पानं श्वास सोडला. पिराजीनं चहा प्याला.

याला भित्रेपणा म्हणणारे म्हणतील. त्यांनी आधी तशा ओट्यावर तशा खुर्चीत बसून बघावं. मात्र एक खरं, की खोट्याला पाय फुटतात आणि पिराजीनं त्याला चांगला खुराक घातला. आज नाववाल्याला फेटा दिला, उद्या हातात कंदील दिला, परवा पुरात अडकलेली गरोदर बाई आणली आणि तिला खिडकीतून तूप-गूळ देववला. दोन वर्षांत ती गोष्ट इतकी देखणी झाली की कधीकधी त्याचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसायचा.

वर्षाराणी मॅडमना एकदाच शंका आली. उंबऱ्याच्या कडेला वाकून त्या पुढची पायरी बघत होत्या. शंभर वर्षांच्या पावलांनी ती मधोमध खोलगट झाली आहे, पाऊस पडला की तिच्यात पाणी साचतं. मग मागं जाऊन त्यांनी खिडकीच्या दगडावरून बोट फिरवलं. कडा धारदार. टाकीचे घाव काल मारल्यासारखे. "पिराजीमामा, हा दगड झिजला कसा नाही? एवढे हात लागले असतील ना याला?"

"पूर रोज थोडाच येतो मॅडम," पिराजी म्हणाला आणि झाडू घेऊन दुसरीकडं गेला.

त्या दगडाला कुणाचा हात लागलाच नव्हता. लावायचाच नव्हता.

पिराजी आठ वर्षांचा असेल. माय रुक्मिणबाई डोक्यावर दोरांची वेटोळी घेऊन पुढं, तो तिच्या लुगड्याला धरून मागं. गावातून नाही, नदीच्या अंगानं, काटेरी पाऊलवाटेनं. खिडकीखाली एक सपाट धोंडा होता. माय त्यावर वेटोळं ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. आतून आवाज यायचा, "कोन हाय?" माय म्हणायची, "वस्तीतली हाय जी." नाव सांगायचं नसायचं, आतूनही ते कधी विचारलं गेलं नाही. गडी यायचा, वेटोळ्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचा आणि उचलून आत न्यायचा. पाणी दोराला नव्हे, दोर वळणाऱ्या हातांना मारलेलं असायचं. आत गेला की तोच दोर कडीला तागडी धरायला चालायचा.

मग खिडकीतून सागवानाची एक लांब पन्हळ बाहेर सरकायची. हातभर, दोन हात, पार मायच्या ओंजळीपर्यंत. आतून मीठ लोटलं की ते पन्हळीतून घरंगळत यायचं. नदीवरचा वारा सुटलेला असला की निम्मं उडायचं. माय मग खाली बसून धुळीतलं मीठ वेचायची, पिराजीही वेचायचा आणि मायचा चेहरा बघायचं टाळायचा. एवढ्या लहान वयात हे टाळणं त्याला कुठून आलं, देव जाणे. एकदा मिठाच्या मागून, मागितला नव्हता असा गुळाचा खडा आला. पिराजीनं टाचा उंचावून पाहिलं. खिडकीत एक लहान हात होता, मनगटात चांदीचं कडं. हात लगेच आत गेला. तसा गूळ पुढंही चार-पाचदा आला.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारी लाल मिलोचा जोंधळा याच दुकानात वाटला गेला आणि सगळं गाव एका रांगेत उभं राहिलं, पुढच्या दारानं. त्या साली शंकरप्पांनी पन्हळ आत ओढली ती पुन्हा बाहेर आली नाही. कुणी दवंडी दिली नाही, कुणी चुकलं म्हणालं नाही. खिडकीपुढं आतून एक फळी लावली, फळीवर बरण्या मांडल्या आणि झालं. माय त्यानंतर बारा वर्षं जगली, पण पुढच्या पायरीवर ती कधी चढली नाही. पिराजी म्हणायचा, "आता चल की माय." ती म्हणायची, "मला वाटच ती म्हाईत हाय, बाबा."

तिच्या वेळची माणसं एकेक करून गेली. त्या खिडकीखाली उभा राहिलेला आता वस्तीत एकटा पिराजी उरला होता.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्याची नात राजकन्या आली. लातूरला नर्सिंग शिकते. येताना दोन मैत्रिणी घेऊन आली, म्हणाली, "आबा, यांना तुमचं म्युझियम दाखवायचंय." पिराजीनं नवं धोतर नेसून दुकान दाखवलं. तागडी, मापं, बापाचा दोर आणि शेवटी खिडकी. पोरी खुश. राजकन्या खिडकीच्या त्या धारदार दगडावर कोपर टेकून उभी राहिली, मान तिरकी केली आणि मैत्रिणीनं तिचा फोटो काढला. पिराजीनं नजर नदीकडं वळवली. फोटो बघता बघता तिनं सहज विचारलं, "आबा, तुमची माय पन नावेत बसूनच यायची का हो सामान घ्यायला?"

तोंडातून निघून गेलं, "हाव."

"किती भारी!" राजकन्या म्हणाली.

त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही. लोकांना सांगितलेल्या सगळ्या थापा त्याला पचल्या होत्या, हा एक 'हाव' पचेना. फेटेवाला नाववाला खोटा होता, त्याचं कुणाला काही देणंघेणं नव्हतं. पण माय खरी होती. तिची धूळ खरी, तिनं वेचलेलं मीठ खरं. तिला त्यानं स्वतःच्या तोंडानं नावेत बसवून पार पैलतीराला पाठवून दिलं होतं. त्याला स्वतःचा राग आला. इतका, की अंगणात वळायला घेतलेला दोर त्यानं तसाच टाकला आणि पीळ उलटा फिरून गेला.

त्यातच वर्षाराणी मॅडमचा फोन. संग्रहालयाला दोन वर्षं होताहेत, म्हणून पाट्या आता कागदाच्या नकोत, काळ्या दगडावर कोरून घेऊ. "मजकूर सोमवारनंतर उदगीरला कोरायला जाईल. खिडकीची पाटी मोठी करू, मामा. तुमची गोष्टच लिहिलीय."

"मॅडम," पिराजी म्हणाला, "ती दगडावर घालू नका."

"का?"

"दगड झिजला न्हाई म्हनून इचारलं होतं ना तुमी. त्येला हात लावायची सोय न्हवती आमाला." आणि मग उभ्या उभ्या, फोनवरच, त्यानं सगळं सांगितलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "मी बोलू का महादेवप्पांशी?"

"न्हाई. खोटं म्या बोललो. मीच सांगतो."

सोमवारी महादेवप्पा आज्याच्या फोटोला हार घालायला दुकानात येतो. वय त्र्याहत्तर, गुडघे दुखतात, तरी चुकवत नाही. पिराजीनं त्याला हार घालू दिला, स्टूल धरलं, उतरल्यावर बसायला खुर्ची दिली. स्वतः उभाच राहिला.

"अप्पा, त्या खिडकीचं म्या खोटं सांगितलं."

महादेवप्पा हातातल्या उरलेल्या फुलांकडं बघत म्हणाला, "दोन वर्सं झाली. आताच का काढून राहिलास हे?"

"नात इचारली, माय नावेत बसून यायची का. म्या हाव म्हनलो." पिराजी थांबला नाही. "म्या उद्या मेलो तर माझ्या घरात बी तेच खरं व्हईल, अप्पा."

"लोकं आज्याला नावं ठेवतील, पिराजी. त्येचा फोटो हाय हितं."

"हाय ना. तुमच्या आज्याचा फोटो हाय, गादी हाय, चष्मा बी हाय काचंत ठिवलेला. लोकं नावं ठेवतील तरी त्याला ठेवतील. माझ्या मायला कोन काय म्हननार? ती हायच कुठं हितं?"

एवढं बोलणं पिराजीनं त्या घराशी जन्मात केलं नव्हतं. कंबरेचा जुडगा सोडून त्यानं महादेवप्पासमोर फळीवर ठेवला. "खोटं सांगायला आता म्या यायचा न्हाई." महादेवप्पा उठला, काठी घेतली आणि पायरी उतरून गेला. जुडगा तिथंच राहिला. पिराजीनं सवयीनं कुलूप लावलं, किल्ल्या मॅडमकडं पोचवायच्या म्हणून घरी नेल्या आणि दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या तोंडाशी कुणीतरी हाका मारतंय म्हणून तो बाहेर आला. महादेवप्पा. वस्तीत कधी न आलेला. एका हातात काठी आणि खांद्यावर काळपट पडलेलं एक लांब लाकूड. माणसं बघायला लागली होती. पिराजीनं ते लाकूड लांबूनच ओळखलं.

"समदं दिलो म्युझियमला," महादेवप्पा धापा टाकत म्हणाला. "हे तेवढं देववलं न्हाई. दोनदा चुलीपुढं नेलो, जाळवलं बी न्हाई. गव्हानीमागं लपवून ठिवलतो. चल, किल्ल्या घे."

पिराजीनं त्याच्या खांद्यावरचं लाकूड उतरवून आपल्या खांद्यावर घ्यायला हात पुढं केला. महादेवप्पानं दिलं नाही. एवढ्या दुखऱ्या गुडघ्यांनी त्यानं ते नदीकाठच्या दुकानापर्यंत स्वतःच वाहून नेलं.

दोघांनी मिळून बरण्या काढल्या, फळी काढली. पन्हळ खिडकीत सरकवली तर ती जराही न अडकता बसली. महादेवप्पा म्हणाला, "तू गादीवर बस. म्या भायेर उभारतो. कुठवर येते बघू."

"अप्पा, गुडघं दुखतील. तिकडून वाट बरी न्हाई."

"बस म्हनलो ना."

तो काठी टेकत नदीच्या अंगानं मागं गेला. पिराजी आयुष्यात पहिल्यांदा शंकरप्पांच्या गादीवर बसला. पन्हळ धरून त्यानं बाहेर लोटली, हातभर, दोन हात. मग वाकून खिडकीतून पाहिलं. समोर नदीचा तुकडा आणि पन्हळीच्या टोकाला दोन हात, जोडून धरलेले. म्हातारे, शिरा उठलेले, एका बोटात अंगठी. त्यानं मान आणखी खाली घातली, डावीकडं झाला, उजवीकडं झाला. चेहरा दिसेना. खिडकीचा वरचा दगड मध्ये येत होता. गादीवरून कुणाचाच चेहरा दिसायची सोय नव्हती. फक्त हात दिसत होते.

साठ-पासष्ट वर्षं तो मनात धरून होता, की आतल्या त्या कडंवाल्या पोरानं, अप्पानंच, आपल्याला बघितलं, म्हणून गूळ टाकला.

"अप्पा," तो आतूनच म्हणाला, "त्यो गूळ कुनाला टाकत होता तुमी?"

"कोन जाने, पिराजी. एक ल्हानगी ओंजळ दिसायची पन्हळीच्या खाली. तोंड मला कधी दिसलंच न्हाई."

पिराजी तसाच वाकलेला होता. डोळे भरून आले होते आणि पुसावेसे वाटत नव्हते. मग कुणीतरी आतून वदवल्यासारखा, त्या गादीवरून जसा यायचा तशाच आवाजात त्यानं विचारलं, "कोन हाय?"

महादेवप्पाला उत्तर ठाऊक होतं. लहानपणी त्यानं ते याच गादीशेजारी बसून शेकडोदा ऐकलं होतं. ते त्याच्यानं म्हणवलं नाही. "म्या हाय," तो म्हणाला, "महादेवप्पा."

"बघा," पिराजी म्हणाला, "तुमी नाव सांगितलं. माझ्या मायला ते बी सांगाय येत न्हवतं."

त्याच दुपारी त्यानं वर्षाराणी मॅडमना फोन लावला. त्या कागद-पेन घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, सांगा मामा, पाटीची सुरुवात कशी करू. खिडकी कधीची, दगड कुठला, लांबी-रुंदी हे पहिल्यांदा लिहायची पद्धत असते, असंही त्यांनी सांगितलं.

"त्ये खाली घाला," पिराजी म्हणाला. "वर पहिल्यांदा 'रुक्मिणबाई' एवढंच घाला, मोठ्या अक्षरात. आन् मॅडम, नीट खोल कोरायला सांगा त्या मानसाला."